दगडावर तिरपा उजेड

म्हैसूरहून ऊटीच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर नंजनगूड येतं. कपिलेच्या काठचं गाव. नदीवर दळवाई देवराजाने 1735 साली बांधलेला पूल अजून उभा आहे. पुढच्या काळात त्याच्यावरून रेल्वेही धावली. कन्नडमध्ये 'नंजु' म्हणजे विष. ते प्यायला तो नंजुंड, म्हणजे आपला नीलकंठ. देवळाचं नाव श्रीकंठेश्वर. दर्शनाची रांग उरकली की लोक प्रसाद घेऊन बाहेर पडतात. मी मात्र आतल्या ओवऱ्यांत रेंगाळलो. 63 शैव संतांच्या मूर्ती तिथे ओळीने उभ्या आहेत.

एका मूर्तीच्या बैठकीवर काहीतरी कोरलेलं दिसत होतं. पण वरून पडणाऱ्या ट्यूबच्या सपाट उजेडात अक्षर काही उठत नव्हतं. सोबत म्हैसूरचा मित्र होता. त्याने मोबाईलची बॅटरी लावली, खाली बसला आणि फोन दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला. खोबणीत सावली भरली. हळूहळू एकेक अक्षर वर आलं आणि त्याने वाचलं: कण्णप्प. तेवढ्यात आमच्या मागे उभी असलेली एक म्हातारी नातवाला सांगू लागली. तिने बैठकीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मित्राने तिचं बोलणं मला हळू आवाजात मराठीत सांगितलं. हा शिकारी होता, शिवाच्या डोळ्यातून रक्त यायला लागलं तेव्हा ह्याने आपला डोळा काढून दिला, सिनेमात राजकुमारने हेच काम केलं होतं. तो सिनेमा म्हणजे 1954 चा 'बेडर कण्णप्प', कन्नड नट राजकुमार यांचा नायक म्हणून पहिला.

संग्रहालयांतल्या डिजिटल प्रदर्शनांवरच्या या पुस्तिकेत मला जे सांगायचं आहे ते जवळजवळ सगळं त्या पाच मिनिटांत घडून गेलं होतं. वस्तू तीच, जागा तीच. बघणाऱ्याच्या हातात उजेड आला आणि दगड बोलला. दुसरीकडे एका बाईच्या आठवणीत असं काही होतं, जे दगडावर कुठेच कोरलेलं नव्हतं. संग्रहालयासाठी डिजिटल प्रदर्शन करायचं म्हणजे या दोन गोष्टींना जागा करून द्यायची. पडदा किती इंचांचा घ्यायचा, हा प्रश्न फार नंतरचा.

सरकारी मराठीत अशा प्रदर्शनाला 'आंतरक्रियात्मक' म्हणतात. हा शब्द मला कधी जिभेवर बसवता आला नाही. या पुस्तिकेत मी 'संवादी' हा शब्द वापरला आहे. गाणं ऐकणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रागात वादी स्वर मुख्य, संवादी त्याला साथ देणारा. संग्रहालयात वादी स्वर वस्तूचा असतो. पडदा, आवाज, त्रिमितीय चित्रं यांनी संवादी राहायचं. पडद्यानेच वादीची जागा घेतली की प्रेक्षक पडद्याशी खेळून निघून जातो, आणि दोन हातांवर काचेत ठेवलेली वस्तू तशीच राहते, कोणी न पाहिलेली.

बॅटरी आडवी धरण्याची युक्ती काही नवी नाही. शिलालेख वाचणारे पिढ्यान्पिढ्या कलत्या उन्हाची वाट पाहत आले आहेत. ऊन नसेल तर कंदील, कंदील नसेल तर ठसा. दगड ब्रशने स्वच्छ करायचा, जाड कागद पाण्यात भिजवून त्यावर अंथरायचा, मग कडक केसांच्या ब्रशने तो ठोकत राहायचं, इतकं की कागद अक्षरांच्या खाचांत शिरला पाहिजे. अर्धवट सुकला की कापडाच्या बोळ्याने शाई टिपायची. उंच भाग काळा होतो, खाच पांढरी राहते आणि काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. असे हजारो ठसे म्हैसूरमध्ये आहेत, कारण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पुराभिलेख शाखेचं मुख्य कार्यालयच तिथे आहे. ठसा घेणाऱ्याचा हात तयार असला तर झिजलेल्या दगडावरचंही कळतं, आणि हात कच्चा असला तर कागद फाटतो किंवा काना-मात्रा बुजते.

2001 साली टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम कॅमेऱ्याकडून करून घेण्याची एक रीत मांडली. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. दिवा मात्र वस्तूभोवती अर्धगोलात फिरवायचा आणि प्रत्येक जागी एक फोटो घ्यायचा, असे चाळीस-पन्नास. शेजारी एक चकचकीत काळी गोळी ठेवायची. तिच्यावर दिव्याचा ठिपका कुठे चमकला यावरून उजेड कोणत्या दिशेने आला ते संगणक काढतो. मग पडद्यावर एकच चित्र दिसतं, पण त्याच्यावरचा उजेड प्रेक्षक बोटाने फिरवू शकतो. डावीकडून, उजवीकडून, अगदी जमिनीलगत. संवादी प्रदर्शनांत याच्याइतकं प्रामाणिक तंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही, कारण त्यात प्रेक्षक जे करतो तेच अभ्यासकही करत असतो. त्याच्यासाठी वेगळा, सोपा केलेला खेळ मांडलेला नसतो. अक्षर सापडलं तर ते त्याचं त्याने शोधलेलं असतं.

बंगळुरूच्या मिथिक सोसायटीने 2021 पासून त्या परिसरातल्या शिलालेखांचं त्रिमितीय स्कॅनिंग हाती घेतलं आहे. 1909 साली स्थापन झालेली ही संस्था. हेब्बाळला सापडलेला, सुमारे इ.स. 750 च्या काळातला कित्तय्याचा वीरगळही त्या कामात आहे. रस्ता रुंदीकरणात, इमारतीच्या पायात, गटाराच्या झाकणाखाली दगड नाहीसे होण्याआधी त्यांची मापं घेऊन ठेवायची, ही त्यामागची निकड. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गद्धेगाळी आणि वीरगळ आठवले की मला तीच निकड वाटते. पारावर शेंदूर फासलेला दगड गावाला देव म्हणून माहीत असतो, लेख म्हणून नाही. शेंदराचा एकेक थर चढत जातो आणि अक्षर आणखी खोल जातं.

आता जरा कंटाळवाण्या गोष्टीकडे वळतो, कारण तिच्यावाचून काहीच उभं राहत नाही. ती गोष्ट म्हणजे क्रमांक.

बेंजामिन लुईस राइस यांनी 'एपिग्राफिया कर्नाटिका'चे खंड काढले तेव्हा लेखांना तालुकावार क्रमांक दिले. म्हैसूर जिल्ह्याच्या 1894 च्या खंडात नंजनगूड तालुक्याची वेगळी मोजणी आहे. तालुक्याचं नाव आणि पुढे एक आकडा, एवढ्यावर अभ्यासक कुठूनही त्याच दगडापाशी पोचतो. दगड शेतातून देवळात गेला, देवळातून कचेरीत गेला, तरी आकडा त्याच्यासोबत जातो. पुढे म्हैसूर विद्यापीठाने सुधारित आवृत्ती काढली तेव्हा क्रमांक बदलले आणि जुना-नवा असा दुहेरी हिशेब ठेवणं आलं. या खंडांची सीडीही निघाली होती. दगड हजार वर्षं टिकला, राइसचा खंड सव्वाशे वर्षं टिकला. सीडी माझ्या कपाटात आहे, पण ती घालायला आता घरात एकाही संगणकाला खाच नाही.

म्हणून या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण कॅमेऱ्यावर नसून नोंदवहीवर आहे. वस्तू कोणाकडून आली, कधी आली, कुठे सापडली, माप काय, कशाची आहे, कुठे तडा आहे. छोट्या संग्रहालयांत हे एका जाड वहीत असतं, आणि पुष्कळदा एका माणसाच्या डोक्यात. तो माणूस निवृत्त झाला की अर्धं संग्रहालय मुकं होतं. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी जी संगणकप्रणाली तयार केली तिचं नाव 'जतन' आहे. नाव ठेवणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. तिच्या आधाराने 2014 साली देशातल्या दहा राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तू एका जागी पाहता येऊ लागल्या. त्यांत कोलकात्याचं इंडियन म्युझियम आहे, हैदराबादचं सालारजंग आहे आणि जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालयही आहे. तिथे बसून काम करणाऱ्यांचा बहुतेक वेळ नोंदी जुळवण्यातच गेला असणार. हे काम दिसत नाही आणि त्याचं उद्घाटनही होत नाही.

नंजनगूडपासून दूर नसलेल्या म्हैसूरच्या राजवाड्यात एकोणिसाव्या शतकात असंच जुळवाजुळवीचं मोठं काम झालं होतं. मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी 'श्रीतत्त्वनिधी' हा ग्रंथ करवून घेतला. नऊ निधी: शक्तिनिधी, विष्णुनिधी, शिवनिधी असे. देवतेचं वर्णन करणारा श्लोक आणि त्याबरोबर तिचं रंगीत चित्र. शेवटच्या कौतुकनिधीत 122 योगासनंही काढलेली आहेत. देवळातल्या मूर्तीच्या बैठकीवरचं नाव, ग्रंथातला श्लोक आणि ग्रंथातलं चित्र हे तीन धागे एकमेकांना बांधले की मूर्ती ओळखता येते. आज आपण पडद्यावर बोट ठेवून एका नोंदीवरून दुसरीवर जातो तेव्हा हेच करत असतो. कोणी मला नंजनगूडसाठी एकच टेबल आणि एकच पडदा दिला तर मी तिथे हाच तीन धाग्यांचा गोफ विणीन. दुसरं काही घालणार नाही.

'दुसरं काही घालणार नाही' हे मी अनुभवातून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयासाठी काम करताना आम्ही एकाच पडद्यावर सगळा संग्रह घातला. यादीत चाळीस नावं. मग मी चार दिवस कोपऱ्यात उभा राहून लोकांना पाहत होतो. बहुतेकांनी पहिलं नाव दाबलं, कोणी दुसरं, आणि मुलांनी भाषा बदलण्याचं बटण दाबत खेळ केला. वर्षभराने परत गेलो तर पडदा काळा होता. ज्यांनी तो बसवला त्यांच्याशी असलेला करार संपला होता, मूळ फाइली त्यांच्याकडेच राहिल्या होत्या, आणि संग्रहालयातल्या शिपायाला तो कुठून सुरू करायचा हे कोणी सांगितलंच नव्हतं. दोष आमचा होता. आम्ही प्रदर्शन बनवलं, पण सोपवलं नाही. पुस्तिकेत मी जागोजागी हेका धरला आहे की मूळ फोटो, मजकूर, आवाज साध्या प्रकारच्या फाइलींत संग्रहालयाच्या ताब्यात हवेत, इंटरनेट गेलं तरी सगळं चाललं पाहिजे, आणि सकाळी कुलूप उघडणाऱ्या माणसाला ते सुरू आणि बंद करता आलं पाहिजे. त्यामागे तो काळा पडदा आहे.

मग एका वस्तूसाठी काय करायचं? आधी प्रश्न शोधायचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते घ्या. दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आयुष्यभर हिंडून घरोघरच्या वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. अडकित्त्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो साधा असतो: हा उघडतो कसा? काचेमागे तो मिटलेला असतो. हातात घेतला असता तर अंगठ्याने वरची दांडी उचलून पाहिली असती. म्हणजे तिथे एवढंच हवं: बोटाने उघडणारा, मिटणारा, उलटा करून बिजागरी दाखवणारा अडकित्ता. फोटोंवरून त्रिमितीय आकृती करण्याच्या पद्धतीने हे साधतं. वस्तूभोवती फिरत एकमेकांवर निम्म्याहून जास्त चढणारे फोटो घ्यायचे, चौकटीत मोजपट्टी आणि रंगांची पट्टी ठेवायची. चकाकणाऱ्या पितळेला ही पद्धत दाद देत नाही, म्हणून उजेड पसरट करावा लागतो. आणि उघडा अडकित्ता व मिटलेला अडकित्ता असे दोनदा घ्यावे लागतात. शेजारी त्याची धातुशास्त्रीय माहिती, सुपारीचा इतिहास, विड्याचे प्रकार हे सगळं घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. उघडून पाहिल्यावर माणसाने मान वर करून काचेतल्या खऱ्या अडकित्त्याकडे पाहिलं, तर काम झालं.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2022 साली रेम्ब्रांच्या 'नाइट वॉच'चं 71,700 कोटी ठिपक्यांचं छायाचित्र सर्वांसाठी खुलं केलं. रंगाच्या सुकलेल्या कवचातली भेगही त्यात दिसते. एवढं सामर्थ्य आपल्याकडच्या कोणत्याही गावातल्या संग्रहालयाला परवडणार नाही, आणि लागतही नाही. त्या चित्रासमोर 'खाली काय दडलं आहे' हा प्रश्न होता, म्हणून इतकं खोल जावं लागलं. अडकित्त्याचा प्रश्न बिजागरीपाशी संपतो.

दंतकथेचं काय करायचं, हा मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न. नंजनगूडच्या देवाला 'हकीम नंजुंड' म्हणतात. टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे इथल्या देवाच्या कृपेने बरे झाले म्हणून त्याने पाचूचं लिंग अर्पण केलं, अशी कथा गाव सांगतं. ती कथा प्रदर्शनात हवीच. पण कथा कथेच्या जागी आणि नोंद नोंदीच्या जागी, वेगळ्या रंगात, वेगळ्या आवाजात. प्रेक्षकाला दोन्हींतला फरक दिसला तर त्याला दोन्ही आवडतात.

वादांचंही तसंच. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली मराठी ओळ आपण शाळेत 'पहिली मराठी' म्हणून शिकलो. 'करवियलें' हा शब्द त्यात आहे, आणि तिथेच हेच वाक्य कन्नड आणि तमिळमध्येही आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. मराठी ओळ मात्र शेजारच्या, होयसळ सेनापती गंगराजाच्या ओळीबरोबर, म्हणजे बाराव्या शतकात कोरली गेली असं अनेक अभ्यासक मानतात. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचा काळ शं. गो. तुळपुळ्यांनी शके 934, म्हणजे इ.स. 1012 असा धरला. इतरांना तिथला आकडा वेगळा दिसतो. कागदी पाटीवर दोन ओळींत हे मावत नाही, म्हणून पाटी एकच बाजू सांगून मोकळी होते. पडद्यावर मावतं. अक्षीचा दगड, त्याच्यावर फिरणारा उजेड, तो आकडा, आणि दोन्ही वाचनं शेजारी शेजारी. प्रेक्षकाने स्वतः उजेड फिरवून ठरवावं. इथे डिजिटल प्रदर्शन पाटीपेक्षा खरोखर श्रेष्ठ ठरतं, आणि तरीही अशी प्रदर्शनं आपल्याकडे फार थोडी होतात. वाद दाखवला तर संस्थेचा मान कमी होतो असं वाटतं म्हणून. मला उलटा अनुभव आहे.

अक्षरांबद्दल एक शब्द. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 2014 साली; त्याआधी मोडी कागद पडद्यावर दाखवायचा तर बहुधा त्याचं चित्रच करावं लागे. देवनागरीचं सगळं सुरळीत आहे असं समजू नका. तयार पडद्यांतल्या प्रणालीत मराठीचा 'ऱ्य' फुटतो, वेलांटी अक्षर सोडून एकटीच ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते, 'तऱ्हा'चं भलतंच काही होतं. उद्घाटनाच्या दिवशी आलेल्या मराठीच्या मास्तरांना ते आधी दिसतं. प्रत्येक ओळ त्याच पडद्यावर, त्याच उजेडात, उभं राहून वाचून पाहा. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर बरोबर दिसलं, याला काही अर्थ नाही.

पडदा लावायची उंचीही अशीच, छोटी वाटणारी गोष्ट. साडेचार फुटांवर लावला तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आणि सात वर्षांच्या मुलाला तो नाहीच. आणि पडद्याला बोट लावायला बिचकणारे लोक आहेत, विशेषतः पन्नाशीपुढच्या बायका, 'बिघडलं तर?' असं विचारतात. त्यांच्यासाठी एक मोठं गोल बटण, दाबलं की दाबल्याचा आवाज येणारं, कोणत्याही काचेपेक्षा बरं. आमच्या एका प्रदर्शनात सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते असंच बटण: दाबलं की जात्यावरच्या दळणाचा आवाज येत असे. त्याच्यापाशी उभ्या राहून बायका एकमेकींना जात्यांच्या गोष्टी सांगायच्या. ते आम्ही योजलेलं नव्हतं.

तिथून पुन्हा नंजनगूडला येतो. कण्णप्पाच्या मूर्तीसमोर त्या म्हातारीने जे सांगितलं, ते राइसच्या खंडात नाही, 'श्रीतत्त्वनिधी'त नाही, कुठल्याही नोंदवहीत नाही. संताची जुनी कथा, सिनेमा, राजकुमार आणि नातवाचा हात धरून उभं राहणं, हे सगळं एका श्वासात आलं होतं. असं बोलणं टिपून ठेवायची सोय प्रदर्शनात हवी: एक माइक, एक साधी खूण, बोलणाऱ्याची परवानगी घेणारा एक माणूस. मग वस्तूच्या नोंदीखाली आणखी एक नोंद होते, आणि प्रेक्षक देणारा होतो.

मित्राचा फोन हातात होता, बॅटरी लागलेली होती. आम्ही अक्षरांचे फोटो घेत राहिलो. ती नातवाला घेऊन पुढच्या मूर्तीकडे गेली, तिथेही काहीतरी सांगू लागली, आणि गर्दीत दिसेनाशी झाली. रेकॉर्डिंग सुरू करायचं आम्हां दोघांनाही सुचलं नाही. पुस्तिकेतलं आवाजांचं प्रकरण मी त्याच रात्री म्हैसूरला परतल्यावर लिहायला घेतलं. बाकीची सगळी प्रकरणं त्याच्यानंतरची आहेत.